झाकली मूठ आणि वॉरंटीचा कागद

१/ नवा मिक्सर घरी येतो, खोके उघडले जाते आणि तळाशी वॉरंटीचा कागद सापडतो. म्हणजे अटी वाचायला मिळतात त्या पैसे मोजून झाल्यावर! झाकली मूठ सव्वा लाखाची, पण कोणासाठी? ही मूठ सौद्यापूर्वी उघडावी म्हणून कायद्याने काय काय केले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ईडाइल या अधिकाऱ्यांचा एक जाहीरनामा होता. गुलाम वा जनावर विकणाऱ्याने त्याचे रोग व दोष आधी उघड सांगावेत. न सांगितलेला दोष निघाल्यास सहा महिन्यांत सौदा मोडता येई किंवा वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. 'मला ठाऊकच नव्हते' ही सबब चालत नसे. माणसाला माल मानणारी ती व्यवस्था निंद्यच. परंतु बोलण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले.

३/ आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीने घेणाऱ्याला पारखण्याची मुदत दिली. लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७ आणि बियाण्याला १० दिवस. गाय किती दूध देते ते तीन दिवसांत कळते. फ्रिजचा कॉम्प्रेसर किती वर्षे टिकेल, ते दहा दिवसांत कसे कळणार? यंत्रयुगात नुसती पारख पुरत नाही, माहितीच हवी.

४/ इंग्लंडमध्ये काटा उलट्या बाजूला झुकला. एका सोनाराने विषावर उतारा मानला जाणारा 'बेझोआर' खडा म्हणून एक खडा १०० पौंडांना विकला. तो खरा नसल्याची तक्रार घेणाऱ्याने केली. १६०३ मध्ये न्यायालय म्हणाले, नुसते सांगणे म्हणजे हमी नव्हे. 'घेणाऱ्याने जपून घ्यावे' या सूत्राचा हा गाजलेला दाखला.

५/ अमेरिकेत १९७५ मध्ये मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आला. वॉरंटी द्यायलाच हवी, अशी सक्ती त्यात नाही. मात्र लेखी वॉरंटी दिली, तर ती 'पूर्ण' की 'मर्यादित' हे ठळक लिहायचे. कोणते भाग, किती काळ, खर्च कोणाचा, दुरुस्तीसाठी काय करायचे, हे सोप्या भाषेत सांगायचे. या अटी खरेदीपूर्वी वाचायला मिळाल्या पाहिजेत, असा नियमही त्याखाली झाला.

६/ शिवाय आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याच केंद्रात पैसे मोजून दुरुस्ती करा, नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट घालण्यास त्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली.

७/ आता आपण. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माहितीचा हक्क आहे. त्यात गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांचा उल्लेख आहे. वॉरंटी आणि दुरुस्ती यांचा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीत वॉरंटीची माहिती देणे बंधनकारक केले. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केले. पावले योग्य दिशेने आहेत, पण अपुरी आहेत.

८/ कोणी म्हणेल, अटी वाचतो कोण? आक्षेप खरा आहे. म्हणूनच १९७५ च्या कायद्याने लांबलचक मजकुराऐवजी एक ठळक शब्द आणि सोपी भाषा मागितली.

९/ माझे मत असे: खोटी हमी देणाऱ्याला आपला कायदा पकडतो, सोयीस्कर मौन पाळणारा मात्र सहज निसटतो. खोक्यावर किंमत छापणे सक्तीचे आहे. तिच्याशेजारीच वॉरंटीची मुदत, वगळलेले भाग आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हेही छापणे सक्तीचे व्हावे. रोमच्या बाजारात खेचर विकणाऱ्याला जे बोलावे लागे, तेवढे तरी आजच्या कंपनीने बोलायला हवे.

१०/ पुढची वस्तू घेताना दुकानदाराला एवढेच सांगा: "आधी वॉरंटीचा कागद दाखवा."