श्रीफळ, शाल आणि एसटीचे भाडे

खानदेशात ‘भत्ता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ बसस्थानकाबाहेरच्या हातगाडीवर कागदाच्या पुडीत मिळतो : मुरमुरे, शेव, शेंगदाणे आणि वर चिरलेला कांदा. दुसरा अर्थ कार्यालयाच्या लेखा विभागात मिळतो, म्हणजे मिळायचा असतो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावला, एक धुळ्याला. पहिला भत्ता खात दुसऱ्या भत्त्याविषयी बोलण्यात आमची पंधराएक वर्षे गेली आहेत. त्या गप्पांतले काही येथे मांडावे असे वाटले, कारण हा विषय केवळ लेखा विभागाचा नाही, तो भाषेचाही आहे, असे आमचे मत होत चालले आहे.

शब्दाचे कूळ काढणारे त्याचे नाते भाताशी जोडतात. घरापासून दूर कामावर असलेल्या माणसाला पोटासाठी द्यावयाचा शिधा, असा त्याचा मूळ आशय दिसतो. कंपनी सरकारने हा शब्द आपलासा केला आणि सैन्याच्या हिशेबात रुजवला. १७६६ साली क्लाइव्हने बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला तेव्हा त्यांनी मुंगेरला सामुदायिक राजीनाम्यांचा कट रचला होता. भत्त्यासाठी बंड करावे, याची लाज त्या साहेबांना वाटली नाही. आपल्याकडे साधे देयक सादर करतानाही माणूस ओशाळतो. असो.

मध्यंतरी आमच्यापैकी एकाला उत्तरपत्रिका तपासण्यासाठी चार दिवस बाहेरगावी जावे लागले. परत आल्यावर रीतसर देयक भरले, तिकिटे चिकटवली, प्राचार्यांची सही घेतली. तीन महिन्यांनी देयक परत आले. शेरा होता : ‘तिकिटे वाचता येत नाहीत.’ शेरा खोटा नव्हता. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने उमटलेली अक्षरे असतात आणि ती पुढे विरत जातात. मे महिन्यातला आमच्याकडचा उन्हाळा आणि त्यानंतर तीन महिने फायलीतला मुक्काम, एवढ्यात त्यावरचे सगळे पुसले गेले होते. कागदाचे कोरे तुकडे तेवढे उरले. लिपिक भला माणूस होता. त्याने सांगितले, “सर, पुढच्या वेळी उतरल्या उतरल्या झेरॉक्स काढत जा.” म्हणजे तिकिटाचा खर्च सिद्ध करण्यासाठी आणखी खर्च, आणि त्याची पावती निराळी! लेखापरीक्षक काय म्हणेल ही त्याची भीती आम्हाला समजते. आमचा आक्षेप त्याच्यावर नाही. जळगाव ते धुळे हे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे अंतर पाळधी, एरंडोल, पारोळा या क्रमाने कित्येक पिढ्या आहे तेवढेच आहे. थेट रेल्वे नाही, चाळीसगावचा वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे सगळे एसटीनेच जातात. भाडे महामंडळ जाहीर करते. माणूस चार दिवस तेथे हजर होता हे हजेरीपटावर आहे. मग तो उडत तर आला नसेल! तरीही पुरावा मागितला जातो तो त्या विरत जाणाऱ्या चिठोऱ्याचा.

ही रक्कम बुडाल्याने आमचे घर अडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आम्ही कायम सेवेत आहोत. ज्याचे घर अडते तो वेगळा.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी जरा भुसावळला जाऊन येऊ. रेल्वेचे हे मोठे जंक्शन आमच्याच जिल्ह्यात आहे आणि तेथे घरोघरी एक शब्द ऐकू येतो : ‘मायलेज’. इंजिनचालक आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांना किलोमीटरच्या हिशेबाने मिळणारा हा भत्ता. रेल्वेने यात एक गोष्ट फार पूर्वी मान्य केली आहे. या माणसांचे काम म्हणजेच प्रवास, तेव्हा त्यांच्या भत्त्यातला काही भाग हा वेतनच आहे. म्हणून मूळ वेतनाच्या तीस टक्के एवढा हिस्सा वेतन म्हणून धरला जातो आणि निवृत्तीच्या लाभांचा हिशेब करताना पंचावन्न टक्के. शिवाय बाहेरगावी झोपायला रनिंग रूम आहे. ही व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. दरांवरून तेथेही तंटे आहेतच. पण तत्त्व कागदावर आले आहे. त्याच जिल्ह्यात संध्याकाळी एखाद्या खेड्यात पोहोचणारी एसटीची मुक्कामी गाडी पाहावी. चालक-वाहक रात्री गाडीतच अंग टाकतात, नाहीतर देवळाच्या ओवरीत. सकाळी पहिली फेरी त्यांनाच न्यायची असते. त्यांनाही रात्रवस्तीचा भत्ता आहे, पण त्यांच्यापैकी कोणीही तो आकडा आम्हाला हसल्याशिवाय सांगितलेला नाही.

कायद्याची भूमिका याबाबत फारशी संदिग्ध नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातच असे होते की, नोकरीच्या स्वरूपामुळे करावा लागणारा खास खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम वेतनात मोजायची नाही. ती कमाई नाही. माणसाने मालकाच्या कामासाठी आपल्या खिशातून घातलेले पैसे परत करणे आहे. मग ती दिलीच नाही, तर काय होते? वेतन तेवढ्याने कापले जाते, फक्त त्या कपातीची नोंद कोठे होत नाही. वेळेचेही तसेच. ज्यांना ठरावीक कार्यस्थळ नाही अशा कामगारांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ होय, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१५ साली दिला. तो आपल्याला लागू नाही. पण पारोळ्याच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या एखाद्या तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला तो वाचून दाखवावा असे आम्हाला कैकदा वाटले आहे.

या अध्यापकाला आम्ही ओळखतो, आणि हे जे काही लिहीत आहोत ते त्याच्यामुळेच. एम.ए., नेट, पीएच.डी.; वय चाळिशीकडे. सकाळी एका गावी दोन तासिका, दुपारी दुसऱ्या गावी एक. पैसे मोजले जातात ते वर्गात उभे राहिल्याच्या तासाचे. दोन वर्गांमधला रस्ता कोणाच्याच हिशेबात नसतो. पहिले महाविद्यालय म्हणते तो आमच्याकडून गेला, दुसरे म्हणते तो आमच्याकडे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी तासाला दीड हजार आणि महिन्याला कमाल पन्नास हजार रुपये सुचवले. सुचवणे वेगळे, हातात पडणे वेगळे. सुट्टीत काही मिळत नाही, आणि जे मिळते तेही अनेकदा सत्र सरल्यावर. तोवर रोजचे भाडे तो स्वतः भरतो. म्हणजे सर्वांत कमी मिळवणारा माणूस संस्थेला बिनव्याजी कर्ज देत असतो.

एकदा आमच्या पुढाकाराने एक चर्चासत्र झाले. कोणत्या महाविद्यालयात ते महत्त्वाचे नाही. नियोजनात आम्ही दोघेही होतो, एवढे पुरे. त्याला आम्ही निबंध वाचायला बोलावले. निबंध चांगला होता, त्या दिवशीचा सर्वांत चांगला. आम्ही त्याला शाल दिली, श्रीफळ दिले, एक प्रमाणपत्र दिले आणि टाळ्या वाजवल्या. उद्घाटकांना चारचाकीचे भाडे आणि पाकीट दिले होते. याला भाडे द्यायचे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्याच कोणाकडून, कळले की त्या दिवशी त्याच्या दोन तासिका बुडाल्या होत्या आणि येण्याजाण्यात त्याने तीन गाड्या बदलल्या होत्या. आमच्या व्यासपीठावर वीस मिनिटे बोलण्यासाठी त्याने पैसे मोजले होते. तो आम्हाला काही बोलला नाही. शालीबद्दल मात्र दूरध्वनी करून आभार मानले होते.

हे का घडते, याचा विचार करताना आम्ही वारंवार ‘मानधन’ या शब्दापाशी येतो. वेतन मागता येते, मजुरी मागता येते. मानधन मागता येत नाही, कारण मागितले की त्यातला मान जातो. भाषेने केलेली ही फार सोयीची तजवीज आहे, आणि आम्ही साहित्याची माणसे तिचे सर्वांत निष्ठावान पाईक. त्यात कोणीतरी राजवाड्यांचे उदाहरण देतोच. धुळ्यात तर ते टाळताच येत नाही. १९२६ च्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे याच शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. दप्तरे शोधत महाराष्ट्रभर वणवण केली, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्यांनी कोणाकडे प्रवासभत्ता मागितला होता, असा प्रश्न एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला भर सभेत विचारला होता. आम्ही तेव्हा गप्प बसलो. उत्तर नंतर सुचले, नेहमीप्रमाणे. राजवाड्यांना कोणी पाठवले नव्हते. ते कोणाचे नोकर नव्हते. कोठे जायचे, किती दिवस राहायचे, कोणाच्या माडीवर चढायचे आणि कोणाशी भांडायचे हे त्यांचे तेच ठरवत. ज्याला आदेशाने पाठवले जाते, न गेल्यास खुलासा मागितला जातो, त्याच्यावर त्यांचे वैराग्य लादायचे हा राजवाड्यांचाही अपमान आहे. आणि वैराग्याचा उपदेश नेहमी पाकीट घेऊन चारचाकीतून परतणाऱ्यांनीच का करावा?

उपाय फार अवघड नाहीत. गावागावांतली अंतरे ठाऊक आहेत. त्यांचा एक तक्ता करावा, हजेरी असेल त्याला त्या तक्त्याप्रमाणे भाडे द्यावे, तिकीट मागू नये. द्यायचे ते त्याच दिवशी, निघण्यापूर्वी द्यावे. दोन महाविद्यालयांत शिकवणाऱ्याचे मधले भाडे दोघांनी निम्मे-निम्मे सोसावे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, तेव्हा बाईंना निम्मेच द्यायचे की पूर्ण, असा प्रश्न एका बैठकीत निघाला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली; तक्त्याने तोही वाचेल. (बाई स्वतः बैठकीत होत्या. त्या म्हणाल्या, निम्मे द्या, पण द्या.)

पुढच्या चर्चासत्राचे अंदाजपत्रक आम्ही गेल्या आठवड्यात केले. निबंधवाचकांचा प्रवासखर्च हे पहिले कलम घातले आणि शालींचे कलम काढून टाकले. समितीने प्रवासखर्च ‘उपलब्धतेनुसार’ असा शेरा मारून ठेवला आहे, शाली परत आल्या आहेत. सोमवारी पुन्हा बैठक आहे.