आत शिरलो, पण बाहेर कसे पडायचे?



मागच्या रविवारी आम्ही सुवालीच्या किनाऱ्यावर निघालो होतो. हजिऱ्याच्या रस्त्यावर पोलाद कारखान्याजवळ दहावीतल्या भाच्याने विचारले, "मामा, इथे आधी एस्सारची पाटी होती ना? त्यांनी कंपनी विकली?"

"विकली नाही रे, विकली गेली," मी म्हटले. या दोन शब्दांतला फरक समजला की १९९१ नंतरचा आपला देश बराचसा समजतो.

त्याआधी लोखंड-पोलाद हा मुख्यतः सरकारसाठी राखून ठेवलेला उद्योग होता. जुलै १९९१ च्या धोरणाने ते दार उघडले, बहुतेक उद्योगांचे परवानेही गेले. हजिऱ्याला तर वसईजवळच्या समुद्रातला नैसर्गिक वायू आधीच पोहोचला होता. कारखाने भराभर वाढले. भांडवल मात्र बरेचसे बँकांचे, त्यातही सरकारी बँकांचे.

आत जायचा रस्ता झाला, पण बुडालेल्या कंपनीने बाहेर कसे पडायचे? २०१५-१६ च्या आर्थिक पाहणी अहवालाने याला चक्रव्यूहच म्हटले होते. अभिमन्यूसारखे आपणही शिरायचे शिकलो, निघायचे नाही. तोट्यातले कारखाने वर्षानुवर्षे रेंगाळत आणि कर्ज थकत राही.

२०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या १२ मोठ्या थकबाकीदारांना या कायद्याखाली आणायला सांगितले, त्यांत एस्सार स्टील होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती सुमारे ४२ हजार कोटींना आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टीलकडे गेली. मालक गेला, भट्टी चालू राहिली. हे मोठेच यश.

पण पैसे आधी कुणाला? अपिली न्यायाधिकरण म्हणाले, बँका आणि माल पुरवणारे यांना सारख्याच प्रमाणात द्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते रद्द केले. तारण घेतलेली बँक आणि पुरवठादार एका पंगतीत नाहीत. वाटप कर्जदात्यांची समिती ठरवेल.

बँकेतला पैसा तुमच्या-आमच्या ठेवींचा, म्हणून हा निकाल मला पटतो. तरी एक गोष्ट बोचते. दोन वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीला सॉफ्टवेअर करून दिले आणि ती बंद पडली. माझे दीड लाख अडकले. दिवाळखोरीचा अर्ज करायला थकबाकी किमान १ कोटीची लागते. म्हणजे मी चक्रव्यूहाच्या दारातसुद्धा नाही!

म्हणून स्वतःचे काम सुरू करणाऱ्या तरुण मंडळींना एक सांगतो. काम घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करा. मग ४५ दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर लघुउद्योगांसाठीच्या परिषदेकडे दाद मागता येते. आणि थोडी रक्कम आगाऊ घ्याच.

भाचा ऐकून म्हणाला, "मामा, तू का नाही केलीस नोंदणी?"

पुढचा रस्ता मी गुपचूप गाडी चालवली.