उपहासाला रंग कोणता?

'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाचे नाव साहित्यचर्चेत काढले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खेळण्यांचा आणि साहित्याचा काय संबंध? आमच्या मते संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. इंग्लंडमधील 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीने १९८७ साली हा खेळ आणला. अंगठ्याएवढे सैनिक विकत घ्यायचे, सुटे भाग चिकटवून जोडायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि मग मोजपट्टी व फासे घेऊन टेबलावर समोरच्याच्या फौजेशी लढवायचे, असे त्याचे स्वरूप. परंतु या फौजा ज्या विश्वातून येतात ते शब्दांनीच उभे केलेले आहे. नियमपुस्तके, एकेका फौजेचा इतिहास सांगणारे 'कोडेक्स' आणि कादंबऱ्यांची रांगच्या रांग त्यामागे आहे. त्या विश्वाचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेचाही ठरतो.

हे विश्व मोठे भीषण आहे. एक्केचाळिसाव्या सहस्रकातील मानवी साम्राज्याचा सम्राट दहा हजार वर्षे सुवर्णसिंहासनावर मृतवत बसून आहे आणि त्याच्यासाठी रोज हजार जिवांचा बळी पडतो. शंका घेणे हे पाखंड मानले जाते. विज्ञान विस्मरणात गेले असून यंत्रांची पूजा चालते. पहिले पुस्तक लिहिणाऱ्या रिक प्रीस्टली यांच्या या कल्पनेत ब्रिटिश उपहासाचा तिखटपणा उघड होता. दोनच वर्षे आधी, १९८५ मध्ये, याच कंपनीने 'जज ड्रेड'वर बेतलेला खेळ काढला होता. पोलीस, न्यायाधीश आणि मारेकरी या तिन्ही भूमिका एकट्याने बजावणारा तो चित्रकथेचा नायक ज्यांच्या परिचयाचा होता, त्यांना या साम्राज्याकडे कसे पाहावे हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

अडचण पुढे आली, आणि ती माध्यमाची आहे असे आम्हांस वाटते. वाक्यात म्हटलेले आणि अभिप्रेत असलेले यांच्यात फट ठेवता येते. उपहास त्या फटीत राहतो. पुतळ्याला निवेदक नसतो. त्यातच २८ मिलिमीटरच्या या मूर्तींची डोकी, हात आणि शस्त्रे दुरून दिसावीत म्हणून मुद्दाम मोठी घडवतात. या प्रमाणाला त्या व्यवसायात नावच 'हिरोइक' असे आहे. रुंद खांद्यांचा, चिलखती 'स्पेस मरीन' हातात घेतला की तो निव्वळ भव्य दिसतो. ज्या व्यवस्थेचा तो गुलाम आहे ती व्यवस्था पुस्तकात राहते आणि पुस्तक कपाटात.

याचे फळ २०२१ साली दिसले. स्पेनमधील एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे असलेला पोशाख घालून बसल्यावर वादळ उठले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर निवेदन काढले : हे साम्राज्य उपहासाचा विषय आहे, अनुकरणाचा नव्हे; द्वेषाची चिन्हे मिरवणाऱ्यांना आमच्याकडे जागा नाही. निवेदन योग्यच होते. पण उपहास हा उपहास आहे असे पत्रक काढून सांगावे लागते, तेव्हा त्याची धार कुठेतरी बोथट झालेली असते, हेही मान्य केले पाहिजे.

युद्धखेळाच्या इतिहासात हा पेच जुना आहे. आपल्या चतुरंगाचा वंशज असलेल्या बुद्धिबळाचा विस्तार करून हेलविग यांनी १७८०च्या सुमारास जर्मनीत युद्धखेळ रचला. १८२४ पासून प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगश्पील' अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. उलट एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स'मध्ये खेळण्यातल्या सैनिकांवर स्प्रिंगच्या तोफांनी मारा करण्याचे नियम दिले आणि शेवटी खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हा नियतीचा भाग. सैनिक तेच, पट जवळपास तोच. एकीकडे युद्धाची तालीम, दुसरीकडे युद्धाचा धिक्कार. फरक केला तो सोबतच्या मजकुराने.

म्हणूनच या खेळावर बंदीची भाषा करणारे आम्हांस पटत नाहीत आणि 'खेळच तर आहे' म्हणणारेही पटत नाहीत. करड्या प्लॅस्टिकचा सैनिक पेटीतून निघतो तेव्हा त्याचा अर्थ अपुरा असतो. त्याला झळझळीत सोनेरी रंगवायचे, की गंजलेले चिलखत आणि चिखलाने भरलेले पाय द्यायचे, हे रंगवणारा ठरवतो. हे अर्थनिर्णयनच होय. कंपनीकडून आमची अपेक्षा एवढीच, की पेटीसोबत येणाऱ्या पानांत त्या साम्राज्याखाली भरडल्या जाणाऱ्यांचा आवाज क्षीण होऊ नये.

आणि समीक्षकांकडून? ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. पुराणकथा रचण्याचा उद्योग एवढा मोठा झाला असताना त्या कथांना पोरखेळ म्हणून बाजूला सारणे समीक्षेला परवडणारे नाही. ज्या कथा लोक स्वतःच्या हातांनी रंगवतात, त्या नीट वाचायला शिकवणे हे तिचेच काम आहे.