पट्टी निघाल्यानंतरचं काम

1688 साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक कोडं घातलं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस हाताने चाचपून घन आणि गोल ओळखतो. त्याला एकाएकी दिसू लागलं, तर हात न लावता, नुसतं बघून तो दोन्ही ओळखेल का? मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती. हा नुसता बुद्धीचा खेळ नसावा. लॉक यांनी ‘नाही’ म्हटलं आणि पुढची तीनशे वर्षं विद्वान वाद घालत राहिले.

प्रयोग झाला तो मात्र दिल्लीत. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने जन्मजात अंध मुलांवर शस्त्रक्रिया करवून घेतल्या. त्यातल्या 8 ते 17 वर्षांच्या पाच जणांना पट्टी निघताच ठोकळे दाखवले. पाहिलेला ठोकळा पुन्हा पाहून ओळखण्यात ती 92 टक्के बरोबर होती, हाताळलेला पुन्हा हाताळून ओळखण्यात 98 टक्के. हाताळलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखायची वेळ आली, तेव्हा आकडा आला 58. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. 2011 मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

लॉक जिंकले म्हणायचे. पण खरी गंमत पुढेच आहे: काही दिवसांतच त्या मुलांना हे जमू लागलं, तेही कुणी मुद्दाम न शिकवता.

अशा नव्याने पाहणाऱ्यांचं जग सुरुवातीला विस्कटलेलं असतं. एकमेकांवर चढवलेला एक चौकोन आणि एक वर्तुळ दाखवलं, तर त्यांना दोनऐवजी तीन तुकडे दिसतात. सावली कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते, तेही उमगत नाही. तोच आकार हलू लागला की एकदम सुटा होतो. मेंदू आधी हालचालीचं बोट धरतो, असं दिसतं.

डोळ्यांच्या वैद्यकात मात्र उलट धडा घट्ट बसला होता. हबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर उघडूनही मेंदूच्या पेशी त्या डोळ्याला दाद देईनात. 1981 चं नोबेल मिळवून देणाऱ्या कामाचा हा भाग. त्यातून ‘मोठ्या मुलाचं ऑपरेशन करून काय उपयोग’ हा समज रुजला, आणि किती मुलं दारातूनच परत गेली असतील कोण जाणे!

तो समज सोडायला हवा. उशिराच्या शस्त्रक्रियेने नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही हे खरं, पण जे मिळतं ते थोडं नाही. आपल्याकडे मोजदाद मात्र ऑपरेशनांची होते. घरी परतलेल्या मुलाला पायरी, चेहरा, अक्षर ओळखायला कोण शिकवतंय, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

आणि मुळात उशीर का व्हावा? जन्मतःच दाट मोतीबिंदू असेल, तर पहिले काही आठवडे सोन्याचे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. आशाताई नवजात बाळाच्या घरी जातातच. त्यांच्या पिशवीत टॉर्च आणि डोक्यात ‘बाळाची बाहुली पांढरी तर दिसत नाही ना?’ हा प्रश्न असला पाहिजे. घरच्यांनीही एक करावं: फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरी पांढरी आली, तर फोटो पुन्हा काढत न बसता त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.