साऊंड कार्ड घ्यावे की आहे तेच पुरे?

परीक्षा संपल्या की घराघरांत कॉम्प्युटरच्या खरेदीची यादी निघते. त्या यादीत एका ओळीपाशी वडीलमंडळी हमखास अडखळतात: ‘साऊंड कार्ड’, किंमत तीन-चार हजारांपासून पुढे. मुलगा म्हणतो, त्याशिवाय गेममध्ये शत्रूची पावले नीट कळत नाहीत. अब्बा म्हणतात, आवाज तर आताही येतोच आहे!

मुलाचे म्हणणे एके काळी अगदी खरे होते. जुन्या कॉम्प्युटरला फक्त ‘बीप’ करणारा छोटा स्पीकर असे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साऊंड ब्लास्टर हे कार्ड आणले आणि ते गेम खेळणाऱ्यांच्या घरोघरी पोहोचले. पुढे तर आवाज डावीकडून येतो की मागून, खोलीत घुमतो की मैदानात विरतो, याचा हिशेबही कार्डच करू लागले. ज्या मामू-चाचांनी तेव्हा हे गेम खेळले, तेच आज भाच्या-पुतण्यांना कार्ड घ्यायला सांगतात.

पण २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि चित्र पालटले. गेमच्या आवाजाचे काम थेट कार्डाकडे सोपवण्याची जुनी वाट तिने बंद केली. हा हिशेब आता मुख्यतः गेम स्वतः, प्रोसेसरच्या जोरावर करतो. कार्ड असो वा मदरबोर्डवरची चिप, तिच्याकडे उरते ते एवढेच: आकड्यांतून विजेच्या लहरी करणे आणि हेडफोन चालेल इतका त्यांना जोर देणे. म्हणजे पावले कुठून आली हे ठरवतो गेम, आणि ते कानापर्यंत किती स्वच्छ पोहोचते हे बरेचसे ठरवतो हेडफोन. माझे मत स्पष्ट आहे: हाती ठरावीकच रक्कम असेल तर ती कार्डात नव्हे, हेडफोनमध्ये घालावी.

दुकानात सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट. यूएसबी पिनेच्या हेडसेटमध्ये स्वतःचे छोटे साऊंड कार्ड असतेच. तो घेतलात की महागडे कार्ड नुसते बसून राहते, त्याच्यातून आवाज जातच नाही. मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून आवाज घेतला तरी तेच. आणि लॅपटॉपमध्ये तर आतले कार्ड बसवायला जागाच नसते.

मग कार्ड लागते कधी? आवाजात खरोखर खरखर असेल तेव्हा. तपासणी सोपी आहे. हेडफोन कानापासून थोडा लांब धरा, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा आणि माऊस हलवा. माऊसबरोबर चिरचिर, गुणगुण ऐकू आली तर लगेच खरेदीला धावू नका. हेडफोनची पिन पुढच्या भोकातून काढून मागे, मदरबोर्डवरच्या हिरव्या भोकात घाला. पुढच्या भोकाची तार डब्यातून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेत गोंगाट उचलते. अनेकदा दुखणे एवढेच असते.

तरीही गुणगुण राहिली तर घराचे अर्थिंग पाहा. जुन्या इमारतींत, चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. डब्याच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आवाजाचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी वायरमनला बोलवा. ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे हा खर्च कार्डाच्या आधीचा.

काही जण माइक चालत नाही म्हणून कार्ड घेतात. मोबाईलच्या हेडफोनला आवाज आणि माइक मिळून एकच पिन असते, तर बहुतेक डेस्कटॉपला दोन भोके वेगवेगळी. मध्ये लावायची वाय आकाराची जोडपिन घेतली की काम होते, आणि ती फार महाग नसते.

एवढे करूनही खरखर गेली नाही, किंवा स्टुडिओतला अडीचशे-तीनशे ओहमचा हेडफोन घरात असेल आणि आवाज फारच बारीक येत असेल, तर मात्र खर्च सार्थकी लागतो. तेव्हाही डब्यातल्या कार्डापेक्षा बाहेर ठेवायचा यूएसबी डॅक मला बरा वाटतो. आतल्या गोंगाटापासून तो दूर राहतो, लॅपटॉपलाही चालतो. खोक्यावरच्या ‘७.१’ या आकड्याला भुलू नये. हेडफोनला शेवटी कान दोनच. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये एचआरटीएफ नावाची सोय आतच दिलेली आहे. ती चालू केली की हेडसेटचे ‘व्हर्च्युअल सराऊंड’ बंद ठेवावे, नाहीतर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होऊन दिशा उलट धूसर होते.

कार्ड किंवा डॅक घरात आलाच तर त्याचा जोर लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मी होते, म्हणजे मोठ्यांनाही ८३ ला २० तास, ८६ ला १०. बारीक पाऊल ऐकण्यासाठी मुले आवाज चढवतात आणि पुढच्याच क्षणी तिथे स्फोट होतो. बहुतेक गेमिंग हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात, त्यांना थोडा जोर पुरतो. म्हणून डॅकवर ‘गेन’चे बटण असेल तर ते ‘लो’ वर ठेवावे आणि आवाज शून्यापासून चढवत न्यावा, स्वयंपाकघरातून अम्मीने मारलेली हाक ऐकू येईल इतकाच.