हरण्याची लॉटरी

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात एक विचित्र गोष्ट घडली. बर्फावरच्या हॉकीचा सामना होता. घरचा संघ सेबर्स, पाहुणा संघ ॲरिझोना. ओव्हरटाइममध्ये ॲरिझोनाने गोल केला आणि टाळ्या पडल्या त्या घरच्या प्रेक्षकांच्या. पैसे मोजून आलेली माणसं आपल्याच संघाच्या पराभवावर खूश झाली होती.

त्या प्रेक्षकांना दोष देणारे पुष्कळ भेटले. माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांना हे ज्यांनी शिकवलं, त्या ऑफिसात बसलेल्या साहेबांवर आहे.

एनएचएल या लीगमध्ये दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची पोरं संघांमध्ये वाटली जातात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ तळाला, त्याला निवडीत झुकतं माप. हेतू चांगला होता, दुबळ्याला हात द्यावा. पण मदत दुबळ्यासाठी ठेवली की दुबळेपणाचं सोंग घेणारे येतातच. १९८४ मध्ये पिट्सबर्गने मारिओ लेमिए हा पोरगा मिळावा म्हणून हंगाम कसा घालवला, ते उघड गुपित आहे. आपला नावाजलेला बचावपटू रँडी कार्लाइल त्यांनी हंगाम चालू असतानाच दुसऱ्या संघाला देऊन टाकला. म्हणून १९९५ पासून लीगने लॉटरी आणली. सोंग थांबलं नाही. आधी ते खात्रीसाठी होतं, आता ते तिकिटासाठी आहे, एवढाच फरक.

२०१५ च्या हंगामात बफेलोने चांगले खेळणारे दोन्ही गोलरक्षक विकले आणि त्या मोसमात खेळूच न शकणारा एक जखमी खेळाडू विकत घेतला. संघ शेवटचा आला, सलग दुसऱ्या वर्षी. कॉनर मॅकडेव्हिड मिळण्याची शक्यता किती होती? २० टक्के. लॉटरी लागली एडमंटनला. बफेलोच्या वाट्याला आला जॅक आयकेल. तोही थोर खेळाडू, त्याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक शब्द आठवतो. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण उर्दूवाले त्याच्या जोडीला आणखी एक शब्द ठेवतात, तरबियत. घडवणं, वळण लावणं. हुशार पोरगं ड्राफ्टमध्ये मिळेल, तरबियत मिळत नाही. ती घरातच असावी लागते. ज्या ड्रेसिंग रूममध्ये दोन वर्षं हरणं हेच धोरण होतं, तिथे अठरा वर्षांचं पोर शिकणार काय?

बघा ना. रायन ओ'रायली २०१८ मध्ये बफेलो सोडून सेंट लुईसला गेला. जाण्याआधी त्याने कबूल केलं होतं की खेळावरचं प्रेमच अधूनमधून आटलं होतं. पुढच्याच वर्षी त्याने स्टॅनली कप उचलला, वर प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आयकेलचं मानेच्या शस्त्रक्रियेवरून संघाशी बिनसलं, तो २०२१ मध्ये व्हेगासला गेला, २०२३ मध्ये कप. सॅम राइनहार्ट, २०१४ चा त्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा मोहरा, फ्लोरिडाला गेला आणि २०२४ च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात विजयी गोल त्याचाच होता. पोरं नालायक नव्हती. आणि बफेलो? २०११ नंतर २०२५ पर्यंत एकदाही प्लेऑफमध्ये नाही.

ज्या एडमंटनला मॅकडेव्हिड मिळाला, त्याने २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली निवड केली होती. तरी चौथ्या पहिल्या निवडीची वेळ आलीच.

कुणी म्हणेल, शिकागोने टेव्झ आणि केन वरूनच उचलले आणि तीन कप जिंकले. खरं आहे. पण त्याच संघाचा कणा डंकन कीथ ५४ वा निवडला गेला होता आणि बचावातला यालमारसन १०८ वा. ते कुणी शोधले, कुणी वाढवले, याची चर्चा होत नाही. आपल्याकडेही नव्वद टक्क्यांचीच मुलं घ्यायची आणि निकालाची पाटी रस्त्यावर लावायची, अशा शाळा आहेत. चाळीस टक्क्यांच्या मुलाला सत्तरवर नेणाऱ्या शिक्षकाचं नाव पाटीवर नसतं.

डेट्रॉइटने डॅट्सुकला १७१ वा आणि झेटरबर्गला २१० वा निवडला. दोघांना घाईने आणलं नाही, तीन-तीन वर्षं आपापल्या देशात खेळू दिलं. २००८ चा कप या दोघांच्या जिवावर आला. (त्याच डेट्रॉइटचे पुढे हाल झाले, हेही सांगायला हवं. पण पंचवीस वर्षं सलग प्लेऑफ गाठल्यानंतर झाले.)

‘नियमात बसतं’ हा साहेबांचा शेवटचा बचाव. मग नियम बदला. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या लीगने तो पहिल्याच हंगामात बदलून दाखवला. तिथे प्लेऑफची आशा संपल्यावर जो संघ जास्त गुण मिळवेल, त्याला पहिली निवड. २०२४ मध्ये न्यूयॉर्क तळाला होता आणि पहिली निवडही त्यालाच मिळाली, पण उरलेल्या सामन्यांत गुण मिळवून. तिथे शेवटच्या आठवड्यातही आपल्या संघाच्या गोलावरच टाळ्या वाजवता येतात. पुरुषांच्या लीगला हे अजून का जमत नाही, ते साहेबांना विचारा.