मृत्युपत्राच्या साक्षीला बाई का नको?

द्रोणागिरी नोड उभा राहिला तो उरण तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर. या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईच्या परिसरात पाच जणांनी जीव दिला. पुढे साडेबारा टक्के योजनेचे भूखंड आले, भाव चढले, आणि बहिणींचे तोंड बंद करायला मृत्युपत्राचा एक कागद पुरू लागला. ‘बापाने सगळे मुलांच्या नावे केलेय,’ म्हटले की विषय संपला!

बहिणींनो, आधी तो कागद वाचा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे, नाहीतर ‘ही सही माझीच’ असे त्याने स्वतः सांगितलेले असावे. आणि साक्षीदाराने त्याच्यासमोर सही केलेली असावी. कागद कोर्टात लावायचा तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी जबानी द्यावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणीच्या शिक्क्याने खोटा कागद खरा होत नाही. ज्याला लाभ त्यानेच पुढाकाराने कागद करवून घेतला, तर संशय त्यानेच दूर करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले आहे. बाप स्वकष्टाची मिळकत कोणालाही देऊ शकतो. पण हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच वाटा आहे; तो त्याला मृत्युपत्राने देऊन टाकता येत नाही.

आणि साक्षीदार कोण? चुलता, मुलाचा दोस्त, गावकीचा पुढारी. साक्षीदार पुरुषच हवा असे कायद्यात कुठे लिहिले आहे? सज्ञान, शुद्धीत असलेली कोणतीही बाई साक्ष करू शकते. तिला वगळले की मेलेल्या माणसाची इच्छा काय होती, हे सांगण्याचा हक्क पुरुषांच्याच हाती उरतो.

आपल्या मिळकतीचे काय? मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने कष्टाने कमावलेलेही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिला सांभाळणारी आई मागच्या रांगेत!

म्हणून प्रत्येक महिला मंडळाने हे काम हाती घ्यावे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. मजकूर तिच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. साक्षीला लाभ नसलेल्या, वयाने लहान अशा दोघी उभ्या करा. उद्या कोर्टात बोलायची वेळ आली, तर त्या बोलतील.